नात तार्तूत, नाव कुठलं?

गेल्या पंधरवड्यात आलेल्या टपालात बहुतेक पत्रं नेहमीचीच होती. लोणच्याला बुरशी का येते, दहावीतला मुलगा अभ्यासाला बसत नाही, जाऊबाई बोलत नाहीत. त्यातलं एक पत्र मात्र मी तीनदा वाचलं. लिहिणाऱ्या भगिनी एका तालुक्याच्या गावच्या. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते देत नाही. त्या लिहितात :

“माझी लेक आणि जावई तीन वर्षांपासून एस्टोनिया देशात तार्तू या गावी असतात. जावई तिथल्या विद्यापीठात संशोधन करतात. महिन्यापूर्वी लेकीला मुलगी झाली. बाळंतपणाला मी जायचं ठरलं होतं, तिकीटसुद्धा काढलं होतं. पण ऐन वेळी ह्यांचं ऑपरेशन निघालं आणि मी इथेच अडकले. डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले. लेकीच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात, मूळच्या वोरू नावाच्या गावाकडच्या. त्यांनीच सगळं केलं. सूप काय, लापशी काय, बाळाला लोकरीचे मोजे काय! उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण आमची नात फारशी रडत नाही, म्हणून त्या बाई तिला ‘वायके, वायके’ अशा हाका मारतात आणि आता लेक-जावईही तेच म्हणायला लागलेत. पुढच्या महिन्यात बारसं करायचं आहे, तर हेच नाव ठेवू का, असं लेक विचारते. मी ‘उमा’ सुचवलं होतं. माझ्या आईचं नाव. तर म्हणते, इथे उमा कुणाला कळणार? अहो, पण वायके हे काय नाव झालं? त्याला काही अर्थ तरी आहे, का नुसताच आवाज? मी लेकीला बोलत नाही काही, पण फोनवर ते नाव ऐकलं की पोटात कसंसंच होतं.”

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. वायके हा नुसता आवाज नाही. एस्टोनियन भाषेत ‘वायकुस’ म्हणजे शांतता. त्यावरून वायके. आपल्याकडे हेच नाव ठेवायचं झालं तर शांता म्हणू. म्हणजे त्या बाईंनी तुमच्या नातीला काही भलतंसलतं म्हटलेलं नाही. न रडणारं पोर बघून आपल्या आज्या जे म्हणाल्या असत्या तेच त्या आपल्या भाषेत म्हणताहेत. लिहिताना मात्र जपायला हवं. रोमन लिपीत ह्या नावातल्या ‘आ’च्या डोक्यावर दोन टिंबं पडली, की उच्चार होतो ‘वॅयके’ आणि अर्थ होतो लहान, चिमुकली. तसं तेही काही वाईट नाही म्हणा, पण ते नाव नव्हे.

आणि ती लापशी. बाळ-बाळंतिणीला बघायला जाण्याला तिथे ‘कात्सिकुद’ म्हणतात. पूर्वी गावातल्या लग्न झालेल्या बायका काहीतरी खायचं घेऊन बाळंतिणीच्या घरी जात. रिकाम्या हाताने जायचं नाही, हे अगदी आपल्यासारखंच. तेव्हा त्या बाई तुमची जागा घ्यायला आल्या असं मनात आणू नका. त्या त्यांच्या रीतीप्रमाणे आल्या. तुमची जागा रिकामी होती हे तुम्हाला लागलंय, ते मला कळतं. पण तो दोष त्यांचा नाही, आणि खरं म्हणजे तुमचाही नाही.

हे पत्र वाचल्यापासून मी त्या देशातल्या मुलींच्या नावांच्या मागेच लागले. मैत्रिणींनो, इतकी गोड आणि इतकी आपल्यासारखी नावं निघतील असं वाटलं नव्हतं. म्हणून आज लोणच्याची बुरशी पुढच्या अंकावर ढकलते.

एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठचा, फिनलंडच्या समोरचा छोटासा देश. लोकसंख्या १३ ते १४ लाख. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यातही याहून जास्त माणसं निघतील. ह्यांची भाषा फिनिश भाषेची बहीण, आणि लांबून हंगेरियनची नातलग. संस्कृत, रशियन, जर्मन ही सगळी दूरदूरची भावंडं. एस्टोनियन मात्र त्या गोतातली नव्हे. म्हणून एखादा शब्द आपल्यासारखा ऐकू आला तर लगेच सोयरीक जोडायला धावू नये, तो बहुधा योगायोग असतो. एक शब्द मात्र खरोखरच आपल्या गोतातून त्यांच्याकडे गेलाय, आणि तो नेमका मुलीचा. लेकीला ते ‘त्युतार’ म्हणतात. फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांनी तो शेजारच्या बाल्टिक लोकांकडून घेतला. त्याच बाल्टिक घराण्यातल्या लिथुआनियन भाषेत लेक म्हणजे ‘दुक्ते’, आणि ही ‘दुक्ते’ व आपली ‘दुहिता’ एकाच घरच्या. आहे की नाही गंमत? बाकीचा संसार वेगळा, पण लेक तेवढी आपल्याकडची!

दुसरी गोष्ट म्हणजे त्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. दोघांनाही ‘तेमा’, घाईत नुसतं ‘ता’. आपलं ‘आला’ किंवा ‘आली’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. त्यांचं क्रियापद मुलासाठी बदलत नाही आणि मुलीसाठीही नाही. आडनावसुद्धा बाईसाठी वेगळं होत नाही. त्यामुळे बोलण्यातली व्यक्ती मुलगा का मुलगी, हे पुष्कळदा नावावरूनच कळायचं. साहजिकच नावाला वजन आलं.

आता नावं ऐका. लाइने म्हणजे लाट. विर्वे म्हणजे पाण्यावर उठणारा बारीक तरंग, आपली ऊर्मी. मेरि म्हणजे समुद्र आणि त्याला लाडाचा ‘के’ लागून झाली मेरिके, छोटासा समुद्र. आपण सोनाची सोनुली करतो तसं. पिल्वी म्हणजे ढग, तूली म्हणजे वारा. ताइमी रोपटं, लेह्ते पान, ओइये फूल, विल्या धान्य. हेल्मी मोती. सॅदे ठिणगी. लाग्ले हे तर एका रानहंसिणीचं नाव, वसंतात थवेच्या थवे तिथून उत्तरेकडे जातात. लूले म्हणजे कविता, मीली म्हणजे मन, लेम्बी म्हणजे प्रेम. ओन्ने म्हणजे भाग्य. ह्या ओन्नेतला ‘ओ’ मात्र वेगळा आहे. ‘ओ’ म्हणायचा, पण ओठ गोल करायचे नाहीत. मी आरशासमोर उभी राहून बराच प्रयत्न केला. घरातली माणसं बघून हसून गेली, पण ‘ओ’ काही साधला नाही.

ह्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं नाव हीये. ‘हीस’ म्हणजे देवाच्या नावाने राखलेली झाडी, जिथली फांदी तोडायची नाही. आपल्या कोकणात आणि मावळात देवराया असतात ना, तशी. त्यावरून हीये. मुलीचं नाव देवराई ठेवावं हे आपल्याला कसं सुचलं नाही कुणास ठाऊक!

उषा आणि संध्या ह्या आपल्या दोन नावांच्या तिकडेही बहिणी आहेत. कोइदू ही पहाटेची आणि एहा ही संध्याकाळच्या उजेडाची. ह्या दोन वेळांची एक गोष्ट फेलमन नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवली. हे फेलमन तार्तूचेच, तुमची नात आहे तिथले. म्हाताऱ्या देवाने सूर्याचा दिवा दोघांवर सोपवला. संध्याकाळी हॅमारिक नावाच्या मुलीने तो मालवायचा आणि पहाटे कोइत नावाच्या तरुणाने पेटवायचा. वर्षभर दोघांची गाठ पडत नाही. फक्त जूनमधल्या अगदी लहान रात्रींत, मालवणारीच्या हातून दिवा थेट पेटवणाऱ्याच्या हातात जातो आणि तेवढी क्षणभर भेट होते. देवाने विचारलं, तुमचं लग्न लावून देऊ का? दोघं म्हणाली, नको, आम्हाला असंच वाग्दत्त राहू द्या. आपल्या घड्याळात ही गोष्ट बसत नाही, पण तिकडे उन्हाळ्यात रात्र म्हणजे नुसता डोळा लागेपर्यंतचा अंधार. संध्याकाळ संपते न संपते तोच पहाट. एस्टोनियन बायकांना ह्या गोष्टीचं फार कौतुक आहे म्हणतात. लग्न नको म्हणणारी नायिका आणि तिला ते देऊ करणारा देव, हे मात्र मला वेगळ्याच कारणासाठी आवडलं. निदान विचारलं तरी!

तुम्हाला वाटेल, ही नावं फार प्राचीन असतील. तर तसं नाही. कित्येक शतकं त्या देशात जमीनदार जर्मन, चर्चमधले पाद्री जर्मन, आणि शेतात राबणारे एस्टोनियन जमिनीला बांधलेले. ही वेठ कायद्याने संपली ती उत्तर भागात १८१६ साली आणि दक्षिण भागात १८१९ साली. आडनावंसुद्धा शेतकऱ्यांना त्यानंतरच मिळाली. मुलीचं नाव चर्चच्या वहीत लागायचं ते कातारिना, मार्गारेता असं भारदस्त. घरी आई म्हणायची काद्री, त्रीनू, नाहीतर काइ. मार्गारेताची व्हायची क्रोत, रेत, नाहीतर मारेत. वहीतलं नाव पाद्र्याचं, आणि चुलीपाशी हाक मारायचं ते आईचं. ताम्मसारे नावाच्या लेखकाची तिथली गाजलेली कादंबरी आहे, पहिला भाग १९२६ चा. त्यातल्या शेतकऱ्याच्या बायकोचं नाव असंच क्रोत आहे. दलदलीच्या शेतात नवऱ्याच्या बरोबरीने राबते, मुली होत राहतात, नवऱ्याला शेत सांभाळायला मुलगा हवा असतो. शेवटी मुलगा होतो आणि त्या बाळंतपणात ती जाते. ही गोष्ट कुठल्या देशातली हे सांगितलं नसतं, तर तुम्ही शेजारच्या गावातली समजला असता.

आपल्या भाषेतला शब्द उचलून मुलीला नाव ठेवायचं, ही हौस आली ती एका महाकाव्यापासून. क्रॉइट्सवाल्ड नावाचे एक डॉक्टर होते. १८३३ पासून १८७७ पर्यंत त्यांनी वोरू गावात दवाखाना चालवला. ताई, हे तेच वोरू, तुमच्या लेकीच्या शेजारीण बाईंच्या मुलखातलं. रोगी तपासता तपासता त्यांनी लोकांच्या तोंडच्या कथा-गाणी जमवून ‘कालेविपोएग’ हे महाकाव्य रचलं आणि १८५७ ते १८६१ ह्या काळात ते छापून आलं. त्याच्या सुरुवातीलाच एक विधवा बाई आहे. एकटीच राहणारी. तिला वाटेवर एक कोंबडी सापडते, एक रानकोंबडीचं अंडं सापडतं आणि एक कावळ्याचं पिल्लू. ती तिन्ही घरी आणून ऊब देते. कोंबडीची होते साल्मे, अंड्यातून निघते लिंदा. ‘लिंद’ म्हणजे पक्षी. कावळ्याच्या पिल्लाची मात्र घरातली मोलकरीण होते. इथेही रंगाचं आलंच, काय करणार!

मुली मोठ्या झाल्यावर मागण्या यायला लागतात आणि आई कुणावरही जबरदस्ती करत नाही. साल्मेला चंद्र मागणी घालतो. ती म्हणते, नको, हा कधी लवकर उगवतो, कधी उशिरा. सूर्य येतो, तर त्याच्या तापाने पिकं करपतात, तोही नको. शेवटी ती ताऱ्याला होकार देते. लिंदा तर चंद्र, सूर्य, पाणी, वारा आणि एक राजपुत्रसुद्धा परत पाठवते आणि कालेव नावाच्या बलाढ्य पुरुषाशी लग्न करते. पण सुख फार दिवस टिकत नाही. कालेव जातो. पोटात मूल असलेली लिंदा त्याच्या थडग्यावर पदरातून एकेक धोंडा वाहून आणते. तालिन शहराच्या मधोमध तोम्पेआ नावाची टेकडी आहे ना, ती म्हणे ह्या धोंड्यांची. एक धोंडा तिच्या हातून निसटतो आणि ती त्यावरच बसून रडते. त्या अश्रूंचं झालं युलेमिस्ते तळं. आजही तालिन शहराला पाणी पुरवतं ते हेच तळं.

हे काव्य वाचून लोकांनी मुलींची नावं लिंदा आणि साल्मे ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या घरातली लिंदा आता पाद्र्याच्या वहीतही लिंदाच. ही साधी गोष्ट वाटेल, पण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोरीला दोन नावांनी ओळखावं लागलेल्या आयांना ती साधी वाटली नसेल.

त्याच सुमाराला लिडिया यान्सेन नावाची एक मुलगी कविता लिहीत होती. १८४३ सालचा तिचा जन्म. वडील वर्तमानपत्र काढायचे, ती त्यांना मदत करायची. पण चांगल्या घरच्या मुलीने लिहून नाव छापणं बरं दिसत नाही, म्हणून तिचं लिखाण बिननावी जायचं. मग याकोबसन ह्या पुढाऱ्याने तिला एक नाव दिलं, कोइदुला. त्याच पहाटेच्या शब्दावरून. बाई आज त्या देशाच्या थोर कवयित्री गणल्या जातात, ४२ वर्षांच्या आयुष्यात तिथल्या रंगभूमीचा पाया घालून गेल्या, आणि सोव्हिएट अमलात स्वतःचं राष्ट्रगीत म्हणायला बंदी होती तेव्हा लोक संगीत महोत्सवांत त्यांचंच एक गाणं उभं राहून म्हणायचे. नाव लपवायला घेतलेलं, आणि साऱ्या देशाला पाठ झालं!

१९१८ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि मग तर ह्या नावांना बहरच आला. तुमच्या नातीला चिकटलेलं वायके, तसंच लाइने, विर्वे, ओइये ही बहुतेक त्या काळच्या आणि त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांतल्या पोरींची नावं. पण त्यांचं बालपण सुखात गेलं नाही. १९४० साली सोव्हिएट सैन्य आलं. जून १९४१ मध्ये सुमारे १० हजार आणि मार्च १९४९ मध्ये २० हजारांहून जास्त माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियाला धाडली. दुसऱ्या खेपेला त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी होती. तोम्पेआच्या उतारावर रडणाऱ्या लिंदाचा एक पुतळा आहे, १९२० साली बसवलेला. नेलेल्यांच्या आठवणीत उघडपणे काही करायची चोरी होती, म्हणून लोक गुपचूप ह्या लिंदाच्या पायाशी फुलं ठेवून यायचे.

लेलो म्हणजे लोकगीत. ह्या नावाच्या एक लेखिका आहेत, लेलो तुंगाल, १९४७ साली जन्मलेल्या. त्या लहान असताना त्यांच्या मुख्याध्यापिका आईला पोलीस घेऊन गेले. जाताना आईने सांगितलं होतं, शहाण्यासारखी वाग, मी लवकर येईन. पोरीने तो शब्द धरून ठेवला. आपण शहाणं राहिलो नाही म्हणून आई येत नाही, असं तिला वाटत राहिलं. ह्या आठवणींवर २०१८ साली एस्टोनियात चित्रपट निघाला. मिळाला तर जरूर बघा, पण जेवणं उरकून बघा. नंतर घास उतरत नाही.

ताई, हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की त्या म्हाताऱ्या बाई तुमच्या नातीला ‘वायके’ म्हणतात तेव्हा त्यांना त्यांच्या लहानपणातलं कोणीतरी आठवत असेल. आपण कुणाला तरी ‘शांते’ म्हणून हाक मारावी तशी. तुमची चीज हिसकावायला ती हाक नाही.

आता व्यवहाराचं बोलू. तरीसुद्धा कागदावर वायके घालावं का? माझं मत विचाराल तर नको. तिथे ते आजीच्या वयाचं नाव आहे. अलीकडे तिथल्या लहान मुलींत सोफिया, मिया, एम्मा अशी नावं फार. त्या घोळक्यात वायके म्हणजे आपल्याकडच्या बालवाडीत हजेरी घेताना ‘शांताबाई’ पुकारावं तसं होईल. घरी हाक मारायला मात्र राहू द्या. हाका कितीही असाव्यात.

दोन्हीकडे चालेल असं नाव हवं असेल तर तेही सापडतं. अनु घ्या. तिथे आनाची ती अनु, आपल्याकडे अनुराधेची. लीना आणि रीना तिथेही सर्रास आहेत, तिकडे त्या हेलेना आणि कातारिनाची धाकटी रूपं. एहा आपल्या ‘ईहा’जवळ येते, आणि ईहा म्हणजे इच्छा. काया हे तर फारच सोपं. तिकडे काया म्हणजे प्रतिध्वनी. २०२१ ते २०२४ ह्या काळात एस्टोनियाच्या पंतप्रधान असलेल्या काया काल्लास ह्यांचं नाव तेच, आणि तिथल्या त्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. आपल्याकडे काया म्हणजे देह, त्यामुळे आजोबांना थोडं अवघड वाटेल, पण चालून जाईल.

काही नावं मात्र आपल्या घरात चालायची नाहीत. काइ ठेवलंत तर हाक मारल्यावर पोर यायच्या ऐवजी सगळं घर ‘काय?’ म्हणून वळून बघेल. मारी म्हटलं की आपल्याला बिस्किट आठवतं. आइता हे तिथे ‘मदत करणारी’ अशा अर्थाचं चांगलं नाव आहे, पण आपल्याकडे आयत्या बिळावरचा नागोबा आठवणार. कोइदू सुंदर आहे हो, पण गावाकडे त्याचा कोयता व्हायला वेळ लागणार नाही. आस्ता तर अजिबात नको, अस्त कुणी मुलीचा करतं?

तिकडे दोन नावं जोडून ठेवायचीही पद्धत आहे. मारी-लीस, आना-लीसा अशी जोडनावं तुम्हाला तिथल्या प्रत्येक शाळेत भेटतील. म्हणजे एक नाव तुमचं आणि एक नाव तिकडचं, दोन्ही एकाच कागदावर मावतात. लेकीला हे ठाऊक असेलच, पण आईच्या तोंडून ऐकलं की तिला सोपं जाईल. ती बिचारी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी आहे. तिच्यावर चिडू नका.

आणि तुमची उमा? ‘इथे उमा कुणाला कळणार’ असं लेक म्हणाली ना? इथेच तर खरी गंमत आहे, ती मी शेवटी ठेवली. तार्तूच्या दक्षिणेला वोरूच्या मुलखात जी बोली बोलतात, ती तालिनच्या भाषेहून बरीच वेगळी. ती बोलणाऱ्यांना तिचा मोठा अभिमान. त्या बोलीत २००० साली एक वर्तमानपत्र सुरू झालं, त्याचं नाव ‘उमा लेह्त’. लेह्त म्हणजे पान किंवा वर्तमानपत्र. आणि ‘उमा’ म्हणजे आपलं, स्वतःचं. तालिनकडे ह्याच शब्दाला ‘ओमा’ म्हणतात. ‘उमा’ म्हणणारे ते वोरूवाले. मी आधीच म्हटलं तसं, हा योगायोगच, आपल्या पार्वतीचा आणि त्या बोलीचा काही संबंध नाही. पण वोरूकडच्या त्या म्हाताऱ्या बाईंना तुमच्या आईचं नाव एकदा ऐकवा. लेकीला म्हणावं, बाळाला त्यांच्या मांडीवर दे आणि सांग, आमच्या आजीच्या आईचं नाव उमा, आम्ही हिचं तेच ठेवतोय. त्यांना ते कळलं नाही तर मला कळवा.

बारशाला आत्या पुण्याहून फोनवरच कुर्रर्र करणार असेल तर करू द्या, पण पाळण्याशी त्या बाईंना उभं करा. पाळण्यात त्यांनी विणलेले मोजे घाला. बाळाच्या कानात नाव सांगताना तुम्ही उमा म्हणा, त्यांना वायके म्हणू द्या. पोर रडली तर दोघीही चुकलात असं समजायचं.

डिंकाचे लाडू महिन्यापूर्वीचे असतील तर ते आता पाठवू नका. तूप खवट झालं की डिंकालाही वास लागतो. ते घरातच संपवा. यजमानांचे टाके सुकले आणि ते हिंडू-फिरू लागले की नवे करा आणि स्वतः घेऊन जा. खारीक जरा जास्त घाला, डिंक मंद आचेवर तळा. आणि त्या शेजारीण बाईंसाठी आठ-दहा वेगळे बांधा. दातांना सोसतील असे, जरा मऊच.